व्हिडिओ गेमचं संगीत खेळाडूचं ऐकतं तेव्हा

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

व्हिडिओ गेमच्या संगीताचा इतिहास बहुतेक ठिकाणी एकाच सुरात सांगितला जातो. आधी नुसतं टुंटुं, मग चिपवरच्या सुरावटी, मग सीडी, मग भलामोठा ऑर्केस्ट्रा. आवाज सुधारत गेला, एवढंच त्याचं सार. मला ही मांडणी अपुरी वाटते. बरेच दिवस मनात होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सिनेमाचा संगीतकार प्रसंग आधी बघतो, सेकंद मोजतो आणि त्यावर संगीत बेततो. गेमच्या संगीतकाराला ही सोय नाही. खेळाडू समोरचं दार लगेच उघडेल की दाराशीच दहा मिनिटं घुटमळेल, हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून या संगीताची खरी कसोटी एकच: खेळाडू जे करतोय त्याला ते किती चटकन आणि किती सुरेल दाद देतं. या कसोटीवर इतिहास तपासला तर आलेख सरळ वर चढत नाही. मध्ये एकदा तो चांगलाच खाली येतो, आणि तेही नेमका आवाज सर्वांत सुधारला त्या काळात.

सुरुवातीपासून बघू. १९७२ च्या 'पाँग'साठी अ‍ॅल अल्कॉर्नला प्रेक्षकांच्या जल्लोषाचा आवाज करायला सांगितलं होतं. तेवढी सामग्री त्या सर्किटमध्ये नव्हतीच. चित्राची जुळणी सांभाळणाऱ्या सिंक जनरेटरमध्ये ज्या लहरी आधीपासून खेळत होत्या, त्यांतलाच एक बरा स्वर त्याने निवडला आणि चेंडू फळीला लागला की तो ऐकवला. कृती आणि आवाज यांची गाठ तिथेच पडली.

१९७८ मध्ये तोमोहिरो निशिकादो यांचा 'स्पेस इनव्हेडर्स' आला. त्यात चारच स्वर आहेत, खाली उतरणारे, मंद्रातले, न थांबता चालणारे. शत्रू मारले जातात तसे उरलेले भराभर सरकू लागतात, कारण प्रोसेसरला चितारायला कमी आकृत्या उरतात. त्यांच्याबरोबर ते चार स्वरही पळू लागतात. खेळणाऱ्याची छाती धडधडते. सुरावट म्हणावी असं त्यात काही नाही, पण खेळाडूने जे केलं त्यामुळे लय बदलते. माझ्या मते गेमच्या संगीताचा जन्म इथे झाला.

१९८२ च्या 'डिग डग'मध्ये तर तुम्ही चालत असता तेवढाच वेळ संगीत वाजतं. थांबलात की तेही थांबतं. युरिको केइनो यांनी ते केलं. कल्पना इतकी साधी, पण पाऊल आणि स्वर असे बांधले गेले की चालणं हेच वाजवणं झालं.

मग १९८३ चं फॅमिकॉम, निन्टेंडोचं घरगुती गेम यंत्र. त्याच्या चिपवर पाच चॅनेल, म्हणजे एका वेळी वाजू शकणारे पाच आवाज: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक खरखरीचा (नॉइज) आणि एक अगदी हलक्या दर्जाच्या नमुन्यांसाठी (म्हणजे मुद्रित आवाजाच्या छोट्या तुकड्यांसाठी). त्रिकोणी लहरीला आवाज कमीजास्त करण्याची सोयच नाही. ती एक तर वाजते, नाही तर गप्प असते, म्हणून बहुतेकांनी तिला खर्जाच्या कामाला लावलं. कोजी कोंडो यांनी १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' एवढ्याच सामग्रीत उभा केला. त्यातही खेळातल्या इतर आवाजांना वेगळी जागा नव्हती. उडी मारली की चौकोनी लहरीचा एक चॅनेल क्षणभर संगीताकडून काढून उडीच्या आवाजाला दिला जाई. सुरावट तेवढ्यापुरती लंगडी होते, तरी कानाला खटकत नाही, कारण उरलेले स्वर ठेका धरून असतात आणि उडीचा आवाज स्वतःच त्या ठेक्यात मिसळतो. वेळ शंभराच्या खाली गेला की तीच चाल द्रुत लयीत सुरू होते. पडद्यावर कोपऱ्यातला आकडा बघायची गरज उरत नाही, कान सांगतात.

हे शक्य होतं, कारण संगीत ध्वनिमुद्रित नव्हतं. 'हा स्वर, इतका वेळ, या चॅनेलवर' अशा सूचनांची ती यादी होती आणि चिप ते त्या क्षणी घडवत होती. लय बदलायची तर एक आकडा बदलायचा. एखादं वाद्य काढायचं किंवा वाढवायचं तर एक चॅनेल बंद-चालू करायचा. १९९० च्या 'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्ये योशी या डायनासोरच्या पाठीवर बसलं की त्याच चालीत बोंगो वाजायला लागतात, उतरलं की थांबतात. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २'मध्ये कुणाचा जीव कमी उरला की लय चढते. त्याच वर्षी 'मंकी आयलंड २'मध्ये लुकासआर्ट्स या कंपनीची, प्रसंगानुसार संगीत जोडणारी आयम्यूज ही पद्धत आली आणि या कलेने मोठी उडी घेतली.

आणि मग सीडी. पीसी इंजिन या जपानी गेम यंत्राला १९८८ मध्येच सीडीची जोड मिळाली होती, पुढे १९९४ चं प्लेस्टेशन आलं आणि सीडी सगळीकडे झाली. खरी गिटार, खरे व्हायोलिन, खरा माणसाचा गळा! आनंद खराच होता. पण सीडीवरचं गाणं म्हणजे आता एक बंद पेटी होती. त्यातली फक्त बासरी काढता येत नव्हती, सूर तोच ठेवून लय वाढवता येत नव्हती. चाल संपली की लेझर पुन्हा सुरुवातीला जाईपर्यंत मध्ये शांतता पडायची. त्यात सीडीवरून गाणं वाजत असताना त्याच ड्राइव्हमधून गेमची माहिती वाचता येत नसे. म्हणजे नवी खोली उघडायची तर गाणं थांबवा. आधीच्या पिढीत जे सहज होत होतं ते इथे अडलं. सगळ्यांनीच हार मानली असं नाही. प्लेस्टेशनच्या चिपमध्ये २४ चॅनेल होते आणि अनेकांनी सीडीऐवजी त्यांच्यावरच संगीत घडवलं. नोबुओ उएमात्सु यांचं १९९७ च्या 'फायनल फँटसी ७'चं काम बहुतांशी तसंच आहे. पण एकूण वारं 'मुद्रित करा आणि वाजवा' या बाजूला फिरलं होतं.

सीडी न घेता कार्ट्रिजवरच (यंत्रात खोचायच्या चिपच्या डबीवर) राहिलेल्या निन्टेंडो ६४ वर मात्र जुनी विद्या जिवंत राहिली. १९९८ च्या 'बँजो-कझूई'मध्ये ग्रँट कर्कहोप यांची एकच चाल पाण्याखाली गेलं की वेगळ्या वाद्यांवर सरकते, बर्फाळ भागात पुन्हा वेगळ्या. मध्ये कुठे जोड दिसत नाही. त्याच वर्षी 'ओकारिना ऑफ टाइम'च्या मोकळ्या मैदानासाठी कोंडो यांनी छोटे छोटे तुकडे रचले. ते दर वेळी वेगळ्या क्रमाने लागतात, शत्रू जवळ आला की तुकडे बदलतात, उभं राहिलं की शांत तुकडे येतात.

पुढे यंत्रांची ताकद वाढली आणि एका वेळी अनेक ध्वनिमुद्रित पदर वाजवता येऊ लागले. तेव्हा कुठे खरी वाद्यं आणि खेळाडूला दाद देणं या दोन्ही गोष्टी पुन्हा एकत्र आल्या. माझं आवडतं उदाहरण २०१० च्या 'रेड डेड रिडेम्प्शन'चं. जवळपास सगळं संगीत एकाच पट्टीत (ए मायनर) आणि एकाच लयीत (मिनिटाला १३० ठोके) मुद्रित केलं. म्हणजे कुठलाही पदर कुठल्याही पदरावर बसतो. घोड्यावर बसलात, खर्ज आला. कुणी गोळी झाडली, तालवाद्यं आली.

तुम्हाला असे कुठले क्षण आठवतात, जिथे संगीताने तुमचं ऐकलं?

—

चिपचाहता

मंद्रसप्तक, लेख आवडला. फॅमिकॉमवर इतकं लिहिलंत आणि कमोडोर ६४ या घरगुती संगणकाचं नावही नाही, म्हणून भर घालतो.

१९८२ च्या कमोडोर ६४ मधली सिड ही चिप बॉब यानेस यांनी रचली, आणि त्यांनी ती संगीताचं वाद्य म्हणूनच रचली. तीनच आवाज, पण प्रत्येकाला चार प्रकारच्या लहरी, प्रत्येकाच्या स्वराचा उठाव आणि विराम स्वतंत्रपणे ठरवता येतो, वर एक फिल्टर. यानेस पुढे एन्सॉनिक या वाद्यं बनवणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले, त्यावरून त्यांचा ओढा कळतो.

तीन आवाजांत कॉर्ड, म्हणजे एकत्र लागणारे स्वर, कसा वाजवायचा? कॉर्डमधले तीन स्वर एकाच आवाजावर एकामागोमाग इतके भराभर वाजवायचे की कानाला ते एकत्र लागल्यासारखे वाटतात. पडद्यावरचं चित्र सेकंदाला पन्नास वेळा बदलतं, त्या प्रत्येक वेळी एक स्वर. या युक्तीतून जो थरथरता, चकाकता नाद निघतो तोच पुढे 'चिपट्यून'ची ओळख बनला. रॉब हबर्ड आणि मार्टिन गॉलवे यांचं काम ऐका. हबर्ड आपलं संगीत थेट असेंब्ली या प्रोसेसरच्या सूचनांच्या भाषेत लिहीत. त्यांच्यासाठी सुरावट आणि ती वाजवणारा प्रोग्राम हे एकच लिखाण होतं.

आणखी एक. सिडमध्ये मुद्रित आवाज वाजवायची सोय नव्हती. पण चिपचा एकूण आवाज कमीजास्त करणारा जो चार बिटांचा आकडा आहे, तो बदलला की स्पीकरमध्ये बारीक 'टक' होतं. तो आकडा सेकंदाला हजारो वेळा बदलला तर त्या 'टक टक' मधून ढोल, अगदी माणसाचं बोलणंही ऐकू येतं. चिपमधल्या एका दोषातून कुणीतरी वाद्य काढलं. हे आठवलं की आजही मन भरून येतं.

फॅमिकॉमवर सनसॉफ्टच्या लोकांनी असंच केलं. खर्जासाठी सगळे त्रिकोणी लहर वापरत असताना त्यांनी नमुन्यांच्या त्या पाचव्या, दुर्लक्षित चॅनेलवर बास गिटारचे नमुने वाजवले. त्यांच्या शेवटच्या काळातले गेम ऐकताना खाली जमीन आहे असं वाटतं. कोनामीने तर १९८९ च्या जपानी 'कॅसलव्हेनिया ३'च्या कार्ट्रिजमध्येच आणखी तीन चॅनेल देणारी चिप बसवली. बाहेरच्या देशांत विकलेल्या यंत्रात तो आवाज पोचवायची सोय नव्हती, त्यामुळे तिथे सगळं संगीत पाच चॅनेलवर पुन्हा बांधावं लागलं. दोन्ही लागोपाठ ऐकून बघा.

—

रानवारा

वाचतोय. आयम्यूजबद्दल एका ओळीत आटोपलंत, ते खुलवून सांगा ना.

—

मंद्रसप्तक

रानवारा, सांगतो. ते मायकल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांचं काम. अडचण अशी होती की गेममध्ये प्रसंग बदलला की आधीचं संगीत कापून नवं सुरू करावं लागे, आणि ते कापणं कानाला टोचायचं. त्यांनी काय केलं, तर संगीतकाराने लिहितानाच चालीत जागोजागी खुणा ठेवायच्या: इथून बाहेर पडता येईल, इथून पडायचं तर हा जोडतुकडा वाजवा, इथे अजिबात तोडू नका. खेळाडूने दार उघडलं की प्रोग्राम पुढच्या खुणेपर्यंत थांबतो, तो जोडतुकडा वाजवतो आणि नव्या चालीत उतरतो. थांबणं इतकं थोडं असतं की उशीर जाणवत नाही.

'मंकी आयलंड २'मधल्या वुडटिक गावात याची कमाल ऐकू येते. गावाची एक चाल आहे. प्रत्येक ठिकाणी शिरलं की तीच चाल त्या जागेच्या स्वभावाप्रमाणे रूप पालटते, वेगळी वाद्यं, वेगळी छटा. बाहेर पडलं की चालीच्या ज्या टप्प्यावर असाल त्याप्रमाणे परतीचा रस्ता वेगळा लागतो. म्हणजे एका दारासाठी अनेक परतीचे तुकडे लिहिले गेले, आणि खेळणाऱ्या बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नसेल. इतके कष्ट कुणाच्या लक्षात न येण्यासाठी घेणं, याबद्दल मला अपार आदर आहे. लुकासआर्ट्सला १९९४ मध्ये याचं पेटंटही मिळालं. आज वापरात असलेल्या एफमॉड किंवा वाइझ या गेममध्ये आवाज जोडणाऱ्या प्रणालींत खुणा आणि पदर यांचा जो विचार आहे, तो मुळात हाच.

—

लयवेडी

लेख मन लावून वाचला, आणि म्हणूनच मतभेद मांडते. संगीताने प्रत्येक पावलाला उत्तर दिलं पाहिजे, हीच कसोटी का? मला कितीतरी आधुनिक गेममध्ये असा अनुभव येतो की संगीत अतिशय हुशारीने बदलत राहतं, आणि खेळ बंद केल्यावर त्यातली एक ओळही गुणगुणता येत नाही. कुठलाही पदर कुठल्याही पदरावर बसायला हवा म्हटलं की सुरावटीला फार कोपरे ठेवता येत नाहीत. सगळं घासून गुळगुळीत करावं लागतं.

जुन्या गेममध्ये मिनिटाभराची एक चाल शंभरदा ऐकावी लागे. ती कंटाळवाणी न होणं ही केवढी मोठी विद्या! तबल्याच्या एकल वादनात लेहरा असतो ना, तसं. लेहरा तोच तो फिरत राहतो, पण तो नीट बांधलेला असला तर ऐकणारा त्यावर चढणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा आनंद घेतो, आणि सम आली की दर वेळी बरं वाटतं. गेममध्ये लेहऱ्यावर वाजवणारा खेळाडूच असतो. संगीत बदललं नाही तरी त्याच्या खेळण्यामुळे ते दर वेळी वेगळं ऐकू येतं. 'टेट्रिस'ची गेम बॉयवरची चाल घ्या. ती मूळची जुनी रशियन लोकधून, हिरोकाझु तनाका यांनी १९८९ मध्ये त्या चिपवर बसवली. किती वेळा ऐकली असेल, तरी लागली की बोटं हलतात.

दुसरा मुद्दा, जो कुणीतरी काढायलाच हवा. तुम्ही युरिको केइनो यांचं नाव घेतलंत, बरं वाटलं. त्या काळच्या जपानी कंपन्यांत कितीतरी स्त्रिया संगीत करत होत्या आणि त्यांची खरी नावं पडद्यावर येत नव्हती. १९८६ चा 'कॅसलव्हेनिया' किनुयो यामाशिता यांचा, श्रेयनामावलीत छापलं 'जेम्स बनाना'. १९८७ चा 'मेगा मॅन' मानामी मात्सुमाए यांचा, तिथेही टोपणनाव. 'स्ट्रीट फायटर २'मधल्या बहुतेक चाली योको शिमोमुरा यांच्या. पुढे १९९७ च्या 'सिम्फनी ऑफ द नाइट'च्या मिचिरु यामाने. या चाली जगभर गुणगुणल्या गेल्या आणि त्या कुणाच्या हे लोकांना कित्येक वर्षं कळलं नाही. हा अन्याय आहे आणि तो बोलून दाखवला पाहिजे. या चौघींची नावं तरी इथे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावीत.

—

मंद्रसप्तक

लयवेडी, नावांबद्दल शंभर टक्के सहमत. लेहऱ्याचा मुद्दाही फार आवडला. फक्त एक म्हणतो: चांगली सुरावट आणि खेळाडूचं ऐकणं यांत वैर नाही. मारिओची चाल गुणगुणता येते आणि ती घाईही करते. २०१३ च्या 'मेटल गिअर रायझिंग'मध्ये मोठ्या शत्रूशी लढताना गाणं वाजतच असतं, पण शब्द राखून ठेवलेले असतात. लढाई निर्णायक वळणावर आली की गायकाचा आवाज फुटतो. २०१७ च्या 'निअर ऑटोमाटा'मध्ये केइची ओकाबे यांच्या चाली इतक्या देखण्या, आणि हॅकिंग सुरू झालं की तीच चाल त्याच मात्रेवर जुन्या चिपच्या आवाजात जाते. सुरावट भक्कम असली तरच असं रूपांतर ओळखू येतं. पार्श्वभूमीला नुसता धूर सोडला तर त्यात बदल झाला काय आणि न झाला काय!

—

पाऊलखूण

सगळी चर्चा संगीताची चालली आहे, मी आवाजाबद्दल लिहितो. माझी दृष्टी फार कमी आहे. मी बहुतेक गेम कानांनी खेळतो, त्यामुळे माझ्यासाठी इतिहासाचे टप्पे वेगळे आहेत.

पहिला टप्पा १९९८ चा 'थीफ'. तुम्ही चोर आहात आणि अंधारात वावरायचं आहे. दगडी फरशीवर किंवा पत्र्यावर चाललात तर पाऊल वाजतं, गालिच्यावर किंवा गवतावर वाजत नाही, आणि पहारेकरी खरोखर ते ऐकतात. उलट त्यांची पावलं, त्यांचं स्वतःशी पुटपुटणं तुम्हालाही ऐकू येतं. आवाज भिंतीतून आरपार येत नाही, दारांतून वाट काढत येतो. दार बंद असेल तर दबका. म्हणजे नकाशा न बघताही कान लावून कळायचं की तो माणूस कुठल्या बाजूला आहे आणि जवळ येतोय की लांब जातोय. पडद्यावरची चित्रं त्या काळाच्या मानानेही ओबडधोबड होती, पण आवाजाची जागा खरी होती.

दुसरा, त्याच्या आधीचा पण मला उशिरा कळलेला, १९९७ चा 'रिअल साउंड'. केन्जी एनो यांनी सेगा सॅटर्न या गेम यंत्रासाठी केला. पडद्यावर काहीच नाही. पूर्ण गोष्ट आवाजात, आणि खेळायच्या सूचना ब्रेलमध्ये. अंध लोक आपले गेम खेळतात हे कळल्यावर त्यांनी हा गेम केला, आणि सेगाने अंध व्यक्तींना एक हजार यंत्रं द्यावीत अशी अट घातली. दिसणारे आणि न दिसणारे दोघंही अगदी एकाच पायरीवर उभे राहून खेळू शकतील असा दुसरा गेम मला माहीत नाही.

तिसरा, २०२० चा 'द लास्ट ऑफ अस पार्ट २'. अपंग खेळाडूंसाठीच्या सोयींची साठहून अधिक सेटिंग्ज. त्यातला आवाजाचा भाग मला मोलाचा: कुठल्या दिशेला जायचं ते सांगणारा नाद, उडी मारायची जागा आली की वेगळा, वाकायची जागा आली की वेगळा, शत्रू टप्प्यात आला की वेगळा. हे सगळे आवाज आधी शिकून घेता येतील अशी यादीही आत आहे. मी तो गेम स्वतः, कुणालाही शेजारी न बसवता पूर्ण केला.

म्हणून मंद्रसप्तक, तुमच्या कसोटीला माझा पाठिंबा आहे, पण मी ती आणखी पुढे नेईन. आवाजाने माझं ऐकावं, आणि मला जगही सांगावं.

—

नवखा_कान

पाऊलखूण, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. खूप काही मिळालं.

एक प्रश्न. सेगाच्या मेगा ड्राइव्ह या यंत्राचं संगीत धातूसारखं, करकरीत लागतं आणि सुपर निन्टेंडोचं मऊ, जरा धुक्यातून आल्यासारखं. एकाच काळातली दोन यंत्रं, मग इतका फरक का?

—

अनुनाद

याचं उत्तर देतो, हा माझ्या आवडीचा विषय.

मेगा ड्राइव्हमध्ये यामाहाची वायएम२६१२ चिप. ती एफएम पद्धतीने आवाज घडवते. एक लहर घ्या आणि दुसऱ्या लहरीने तिची कंपनसंख्या खालीवर हलवा. हलवणं संथ असेल तर कानाला स्वर थरथरल्यासारखा लागतो. ते हलवणंच सेकंदाला शेकडो वेळा होऊ लागलं की थरथर ऐकू येत नाही, त्याऐवजी आवाजाचा पोतच बदलतो. घंटा, पितळी वाद्य, खरवडणारा बास, सगळं दोन-चार लहरींतून. जॉन चाउनिंग यांना हे १९६७ मध्ये स्टॅनफर्डमध्ये सापडलं, यामाहाने त्याचे हक्क घेतले आणि १९८३ च्या डीएक्स७ या सिंथेसायझरने ते जगभर पोचलं. मेगा ड्राइव्ह त्याच घराण्यातलं. सहा चॅनेल, प्रत्येकाला चार लहरी. अशा आवाजात धातूची धार आपोआप येते. युझो कोशिरो यांनी १९९१ च्या 'स्ट्रीट्स ऑफ रेज'मध्ये ती लपवली नाही, उलट त्या वेळच्या क्लबमधल्या नृत्यसंगीताला नेमकी तीच हवी होती हे ओळखलं. ते हे सगळं पीसी-८८०१ या संगणकावर, स्वतः सुधारून घेतलेल्या संगीत-भाषेत, अक्षरांनी टाइप करून लिहीत.

सुपर निन्टेंडोची ध्वनिचिप केन कुतारागी यांनी सोनीत रचली. तिथे आवाज घडवत नाहीत, मुद्रित नमुने वाजवतात, आठ चॅनेलवर. पण सगळ्याला मिळून जागा फक्त ६४ केबी! वाद्यांचे नमुने, सुरावटीच्या सूचना, त्या वाजवणारा प्रोग्राम, सगळं त्यातच. नमुने दाबून भरले तरी पूर्ण दर्जाचा आवाज साडेतीन सेकंदांच्या आसपासच मावतो. म्हणून प्रत्येक वाद्याचा चिमुकला तुकडा, तोही कमी दर्जाचा, आणि वरच्या पट्टीतली चमक गेलेली. हा झाला मऊपणा. धुकं येतं ते चिपमधल्या प्रतिध्वनीतून. तोही फुकट नाही, त्याच ६४ केबीतून जागा खातो. जास्तीत जास्त लांब, म्हणजे २४० मिलिसेकंदांचा प्रतिध्वनी घेतला तर ३० केबी गेले. संगीतकाराला दर वेळी ठरवावं लागे: आणखी एक वाद्य हवं की मोठी खोली हवी?

१९९४ च्या 'डाँकी काँग कंट्री'तलं पाण्याखालचं संगीत याच कोंडीतून आलं. डेव्हिड वाइज यांनी मोठे नमुने टाळले आणि लहरींचे इवलेसे तुकडे एकामागोमाग असे लावले की आवाज सतत रंग बदलत राहतो. ते ऐकताना चिपची मर्यादा कुठे आहे हे मला आजही दाखवता येत नाही.

—

रानवारा

शांततेबद्दल कुणीच बोललं नाही. 'माइनक्राफ्ट'मध्ये कित्येक मिनिटं फक्त पावलं, पाणी, गाईचं हंबरणं. मग कधीतरी, कुठलंही कारण नसताना, पियानो सुरू होतो. तो सी४१८ या नावाने संगीत करणाऱ्या डॅनियल रोझेनफेल्ड यांचा. मी तिथे काही विशेष करत नसतो, एखादी भिंत बांधत असतो, आणि ती भिंत त्या पियानोसकट लक्षात राहते. इथे संगीताने माझं काहीच ऐकलेलं नाही. ते आपल्या वेळेने आलं. आणि मला ते इतर कुठल्याही गेमच्या संगीतापेक्षा जवळचं वाटतं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत २०२३ मध्ये मारिओची चाल घेतली आणि २०२५ मध्ये 'माइनक्राफ्ट'चं संगीत. हे वाचलं तेव्हा घरचं कुणीतरी गौरवलं गेल्यासारखा आनंद झाला.

—

लयवेडी

रानवारा, +१. २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्येही हेच. एवढं मोठं मैदान आणि पियानोचे दोन-चार स्वर, मग वारा. पहिल्यांदा मला ते कंजूष वाटलं होतं, आता दुसरं काही चालणार नाही. मंद्रसप्तक, तुमच्या कसोटीत हे कुठे बसतं?

—

मंद्रसप्तक

सहज बसत नाही, आणि ते मला मान्य आहे. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'बद्दल इतकंच म्हणेन की ते गप्प असतानाही लक्ष ठेवून असतं. घोड्यावर बसलं, शत्रू दिसला की लगेच बदलतं. 'माइनक्राफ्ट' मात्र खरोखर वेगळ्या वाटेने जातं. कदाचित त्यात खेळाडू स्वतःच जग रचत असतो, म्हणून संगीताने त्याच्या मागे धावायची गरज नसावी. यावर आणखी कुणी लिहिलं तर वाचायला आवडेल.

—

नवखा_कान

अनुनाद, इतकं सोपं करून सांगितल्याबद्दल आभार. हे सगळं नीट ऐकायला शिकायचं तर सुरुवात कुठून करू?

—

चिपचाहता

नवखा_कान, माझा सल्ला: चॅनेल सुटे करून ऐका. फॅमिकॉमच्या संगीताच्या एनएसएफ आणि सुपर निन्टेंडोच्या एसपीसी फाइल वाजवणारे प्रोग्राम असतात. त्यांत एकेक चॅनेल बंद-चालू करता येतो, कारण आत ध्वनिमुद्रण नाही, सूचनाच आहेत. मारिओची पहिली चाल लावा आणि फक्त त्रिकोणी लहर ठेवा. खर्ज किती चपळ आहे ते कळेल. मग फक्त खरखरीचा चॅनेल ठेवा आणि झुलणारा ठेका ऐका. मग दोन्ही चौकोनी लहरी एकत्र. त्यानंतर 'कॅसलव्हेनिया ३'ची जपानी आवृत्ती, आठही चॅनेल एकेक करून. सिडसाठी हबर्ड यांचं काहीही घ्या, तीनच आवाज आहेत, पण एकच आवाज ढोल, बास आणि सुरावट अशी तीन कामं आलटून पालटून कशी करतो ते पकडायला वेळ लागेल. घाई करू नका. आणि पाऊलखूण यांनी सांगितलेला 'थीफ' दिवे मालवून, हेडफोन लावून खेळा. पहिल्याच वाड्यात दोन पहारेकरी बोलत उभे असतात, तिथे थांबून नुसतं ऐका.